आजीची तिथी आणि अंदमानची सुकती

एजंटने पाठवलेला अंदमानचा कार्यक्रम मी आजीला वाचून दाखवत होते. ती मेथी निवडत बसली होती. नील बेटावर समुद्रात खडकाची नैसर्गिक कमान आहे आणि ओहोटीला तिथवर चालत जाता येतं, एवढं ऐकल्यावर तिने विचारलं, "तिथे कुठल्या तिथीला पोचायचं?" मी तारीख सांगितली. तिने भिंतीवरचं कालनिर्णय काढायला लावलं, बोट ठेवलं आणि म्हणाली, "अगो, ही अष्टमी. अष्टमीला भांग. पाणी पुरतं उतरायचं नाही, खडक उघडे पडतील कसे?"

आजी 78 वर्षांची, हर्णैच्या बाजूची. तिच्या गावच्या बायका कालवं काढायला सुकतीची, म्हणजे पूर्ण ओहोटीची, वेळ बघून निघत. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे भरती जास्त चढते तशी ओहोटीही जास्त खाली उतरते. अष्टमीच्या सुमाराला चढ-उतार कमी, तो भांग. हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. मी पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक शोधून ताडून पाहिलं, तर ती म्हणाली तेच निघालं. तिकिटं अजून काढायची होती, म्हणून अख्खी सहल आठवडाभर पुढे ढकलली. नील बेट माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आलं.

आम्ही सात जण: आजी, आई-बाबा, आम्ही दोघं, 11 वर्षांचा मुलगा आणि 6 वर्षांची मुलगी. मुलं तिला मोठी आजी म्हणतात. वयस्कर माणूस बरोबर असेल तर काही गोष्टी आधीच करून ठेवा. विमानासाठी व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागा. बोटीला आणि चेकपोस्टला लागतात म्हणून सगळ्यांची आधार कार्डं, मुलांचीसुद्धा, एकाच पाकिटात ठेवा. खोली तळमजल्यावरचीच हवी हे लेखी घ्या. आम्ही फोनवर सांगितलं होतं, तरी एका मुक्कामी दुसऱ्या मजल्यावरची खोली निघाली आणि बदलून मिळेपर्यंत आजी तासभर बाकावर बसून होती. त्या तासाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पहिल्याच दिवशी सेल्युलर जेल पाहिलं. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर. बाबा म्हणाले, आई, तू खालीच बस. ती काही बोलली नाही, कठडा धरून चढायला लागली. वर पोचल्यावर कोठडीच्या दाराशी हात जोडून बराच वेळ उभी होती. तिला अडवायला नको होतं, आणि अडवलं नाही याचं मला समाधान आहे. पण संध्याकाळी दोन्ही गुडघे सुजले. पुढचं सगळं त्या गुडघ्यांच्या हिशेबाने ठरवावं लागलं.

मधला एक दिवस पूर्ण विश्रांतीचा केला आणि मग बाराटांग बेटावर गेलो. पहाटे साडेतीनला निघून जिरकाटांगच्या चेकपोस्टवर रांग लावायची. तिथून गाड्या ताफ्यानेच सोडतात, कारण पुढचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. हा रस्ता बंद करावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली दिला होता, तरी तो चालूच आहे. मला त्या रस्त्यावरून जाताना बरं वाटत नव्हतं. मुलांना आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं की आपण कुणाला बघायला चाललेलो नाही, माणसं बघायची वस्तू नसतात. दोघंही शहाण्यासारखी बसून राहिली.

मिडल स्ट्रेट या सामुद्रधुनीपाशी बार्जने पलीकडे गेलो आणि लाइफ जॅकेट घालून छोट्या बोटीत बसलो. बोट कांदळवनातल्या खाडीतून जाते. शेवटी खाडी इतकी चिंचोळी होते की दोन्ही बाजूंच्या फांद्या डोक्यावर येतात. पुढे चुनखडीच्या गुहांपर्यंत दीड किलोमीटर चालायचं. एजंट म्हणाला होता, सपाट वाट आहे. सपाट नव्हती, मुळं होती, चढ-उतार होते. आजीने धक्क्यावर उतरल्या उतरल्या सांगितलं, "मी आणि सूनबाई इथेच बसतो. तुम्ही जा."

गुहा छान आहेत. छतातून ठिबकणाऱ्या पाण्याने चुन्याचे खांब घडलेत. हात लावू देत नाहीत, तेच बरोबर. पण त्या दिवसाची माझी आठवण गुहेतली नाही, धक्क्यावरची आहे. आम्ही परतलो तेव्हा आजी माझ्या लेकीला जवळ ओढून एक फांदी दाखवू लागली. फांदीवरून वीतभर लांब, हिरवी, टोकदार शेंग लोंबत होती. "शेंग नव्हे ही. हे कांदळाचं पिल्लू. बी झाडावरच रुजतं, एवढं मोठं होतं, मग खाली पडतं आणि चिखलात उभं राहतं." लेकीने शेंगेला बोट लावलं आणि विचारलं, आपल्याकडे पण आहे? "आहे की. आमच्या खाडीत हेच."

हॅवलॉक बेटावरचे दोन दिवस मजेत गेले. राधानगरचा किनारा खरोखरच नावाजण्यासारखा आहे. प्रवाळ पाहायला नवरा आणि मुलगा गेले, बाकीचे आम्ही झाडाखाली होतो. तिकडे फेब्रुवारीत साडेपाचलाच सूर्य बुडतो, तेव्हा सगळं सकाळी उरकायचं. (या बेटांची नावं 2018 पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी झाली आहेत, बोलण्यात अजून हॅवलॉक आणि नीलच ऐकू येतं.)

नीलला आजीने पुन्हा हिशेब मांडला: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा पंधरावी, म्हणून सव्वाअकरा; प्रतिपदा पहिली, म्हणून पाऊण. म्हणजे त्यापुढे सहा तासांनी सुकती, संध्याकाळी सातच्या आत. वेळापत्रकात मात्र ओहोटी दुपारी चारच्या सुमाराला होती. अडीच-तीन तासांचा फरक. तिथीची पाऊणपट कोकण किनाऱ्याची आहे, प्रत्येक किनाऱ्याची वेळ आपापली असते. आजीने मान हलवली. "वेळ त्यांची. भांग-उधाण मात्र आमचंच."

आम्ही तीनला पोचलो. बाबा आणि नवरा दोन्ही बाजूंनी धरून तिला पायऱ्यांवरून वाळूपर्यंत घेऊन आले. घडीचं स्टूल मांडून तिला बसवलं. कमानीपर्यंतचे प्रवाळ-खडक घसरडे आणि धारदार, तिथे तिला नेणं शक्यच नव्हतं. पण पाणी इतकं आत गेलं होतं की वाळूवरूनही सगळं दिसत होतं. खडकांतल्या डबक्यात गाइडने मुलांना समुद्रकाकडी दाखवली, निळ्या ओठांचा मोठा शिंपला दाखवला. दोघं पाच-पाच मिनिटांनी धावत येऊन मोठ्या आजीला सांगत होती आणि परत पळत होती.

साडेचार होऊन गेले. आजी मघापासून समोरच्या एका काळ्या दगडाकडे बघत होती. त्याच्या पायाशी पाण्याची रेघ होती, ती दगडाच्या खाचेत शिरली. माझं लक्षही नव्हतं.

"भरती लागली," ती म्हणाली. "पोरांना हाक मार."

मी हाक मारली. मुलं वाळूवर आली, आणि मग गाइडची शिट्टी वाजली.