लाउडन आणि लौडन

कोशाचा ‘ल’ दुसऱ्या दिवशी छपाईला जायचा होता. पेजप्रूफावरून अखेरची नजर फिरवत असताना ‘लौडन’ या नोंदीतील १७१७ ते १७९० हे सन मला ओळखीचे वाटले, कारण सकाळीच तपासलेल्या ‘लाउडन’चेही सन तेच होते. एकाच ऑस्ट्रियन सेनापतीवर दोन लेखकांनी दोन नोंदी लिहिल्या होत्या आणि तीन वाचने होऊनही ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. नोंदी विषयाप्रमाणे न वाटता अक्षराप्रमाणे वाटल्या, की दुसरे काय होणार?

‘लौडन’पुढे ‘पाहा : लाउडन’ एवढेच ठेवले, मोकळ्या झालेल्या बावीस ओळींत शेजारचा नकाशा मोठा करून बसवला. खरी अडचण दोन्ही मजकूर एका नोंदीत सामावण्याची होती. लिव्होनियात जन्मलेला, रशियाच्या सैन्यातून आलेला, प्रशियाचा राजा फ्रेडरिक याने चाकरीत घेण्यास नकार दिल्यावर व्हिएन्नाकडे वळलेला हा माणूस. १७५८ मध्ये डोमश्टाटलजवळ त्याने आणि सिश्कोविच या दुसऱ्या ऑस्ट्रियन सेनापतीने प्रशियाच्या रसदेचा सुमारे ४,००० गाड्यांचा तांडा उद्ध्वस्त केला आणि फ्रेडरिकला ओलोमोउत्सचा वेढा उठवावा लागला. कुनर्सडॉर्फ (१७५९), श्वाइडनिट्स (१७६१) आणि वयाच्या ७२व्या वर्षी बेलग्रेड (१७८९) हे विजय दोन्ही लेखकांनी सारखेच दिले होते.

मतभेद होता तो लिग्निट्सच्या लढाईवर. १५ ऑगस्ट १७६० च्या पहाटे लाउडनची गाठ अनपेक्षितपणे फ्रेडरिकच्या मुख्य सैन्याशी पडली, कारण फ्रेडरिकने रातोरात तळ हलवला होता. ऑस्ट्रियाचाच सरसेनापती डाउन याची मोठी फौज जवळच असूनही लाउडन एकटा लढला आणि हरला. एका लेखकाने लिहिले होते, ‘डाउन वेळेवर पोहोचला नाही’. दुसऱ्याने, ‘पोहोचू शकला नाही’. वारा उलटा असल्याने तोफांचा आवाज डाउनच्या कानी पडला नाही, असे पुढे सांगितले गेले; तेवढ्यावर ‘शकला’ हा शब्द ठेवावा का?

वाक्यच गाळण्याची सूचना वरिष्ठांनी केली. मात्र ‘ड’ आधीच छापून झाला होता आणि त्यातील डाउनच्या नोंदीत त्याच्या लढायांपैकी कोलिन आहे, होखकिर्ख आहे, लिग्निट्स नाही. इथूनही ते गेले असते, तर आमच्या कोशात ती पहाट कुठेच उरली नसती. फ्रेडरिकच्या नकाराची ओळ काढून मी जागा केली आणि ‘पोहोचला नाही’ ठेवले. छापील प्रत हाती आल्यापासून ते पान मी अनेकदा उघडले आहे आणि दर वेळी ‘शकला’ घालून वाचून पाहतो.