तुम्ही विचारलंत म्हणून : गाळलेल्या दोन पाट्या

पोलिसांची तळी उचलणारा हा जपानी मूकपट तुम्ही पुन्हा पुन्हा का दाखवता, हा प्रश्न मला आता तोंडपाठ झाला आहे. तळी उचलतो, हे मान्य. दिग्दर्शक तोमू उचिदा यांच्या १९३३ च्या ‘केइसात्सुकान’मधल्या (म्हणजे ‘पोलीस’) दरोडेखोर टोळीवर त्या काळच्या कम्युनिस्टांची सावली आहे आणि आदल्याच वर्षी तोक्योतल्या ओमोरीच्या बँकेवर त्यांच्यापैकी काहींनी घातलेला दरोडा प्रेक्षकांच्या मनात ताजा होता, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. पण नाकाबंदीवर तरुण पोलीस इतामी मोटार अडवतो आणि आत शाळेतला मित्र तेत्सुओ निघतो, तिथपासून इतामीची भूमिका करणाऱ्या इसामू कोसुगी यांचा चेहरा गणवेशाला जुमानत नाही. वडीलधारा सहकारी दरोडेखोरांच्या गोळीला बळी पडल्यावर हा माणूस मित्राविरुद्ध पुरावाही शोधतो आणि तो सापडू नये, असेही त्याला वाटत राहते.

पूर्वी मी याला ‘मैत्रीचा सिनेमा’ म्हणत असे. ते सोयीचे होते.

आमच्या पहिल्या खेळाला माझा कॉलेजपासूनचा मित्र आला होता, ज्याची सारी उमेद कामगार चळवळीत गेली. जपानमध्ये मूकपटाला पडद्याशेजारून बोलणारा निवेदक, म्हणजे बेन्शी, असे; त्याची हौशी नक्कल म्हणून मी विजेरीच्या उजेडात पाट्यांचे, म्हणजे दृश्यांच्या मध्ये पडद्यावर येणाऱ्या मजकुराचे, मराठी भाषांतर वाचत होतो. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे हे ठाऊक असल्यामुळे ‘कर्तव्य’सारखे शब्द आले की माझा आवाज उतरू लागला आणि शेवटी दोन पाट्या मी चक्क गाळल्या. पडद्यावर खाली त्याच पाट्यांच्या इंग्रजी ओळी उमटत होत्या, याचे भानच राहिले नाही. रात्रीचा तो शेवटचा पाठलाग संपून दिवे लागल्यावर मित्र पुढे आला, माझ्या हातातला कागद घेऊन त्याने नेमके त्याच दोन ओळींवर बोट ठेवले आणि म्हणाला, “सिनेमा लबाड नाही रे, तू लबाड आहेस.” तो पुन्हा आमच्या खेळाला आला नाही. फोनही हळूहळू थांबले.

उचिदा १९४५ मध्ये ईशान्य चीनमधल्या मांचुरियात गेले आणि कम्युनिस्ट राजवट आल्यावरही चीनमध्येच राहून १९५३ साली परतले, असा बचाव मी अधूनमधून करतो. पण त्याने १९३३ ची पाटी पुसली जात नाही, हे मलाही कळते.

आता मी सगळ्या पाट्या वाचतो. त्या दोन आल्या की आवाज उतरतो तो उतरतोच.