ठेव गावची, कर्ज कुणाला?

विदर्भात घाटंजी, धारणी किंवा कुरखेड्याच्या बँक शाखेत कापसाचे, धानाचे, तेंदूचे पैसे जमा होतात. बँक ते पैसे पुढे कर्जाऊ देते. कुणाला, कशासाठी, कोणत्या अटीवर, हे ठेवीदार सहसा विचारत नाही. नैतिक बँकिंगचा गाभा इथेच आहे: ठेवीदारानं विचारावं आणि बँकेनं उघड सांगावं. नेदरलँड्सची ट्रायोडॉस (१९८०) आणि जर्मनीची जीएलएस (१९७४) या बँका आपण कोणत्या संस्थांना, उद्योगांना कर्ज दिलं ते जाहीर करतात. आपल्या तालुक्यात तशी बँक नाही, पण विचारायची सोय आहे. आणि बचत गटाच्या रूपानं एक छोटी बँक जवळपास प्रत्येक गावात आहे.

आधी मोठ्या बँकेचं. शाखेत १०० रुपये ठेव असेल आणि त्या भागात ३५ रुपयेच कर्ज गेलं असेल, तर गावचे उरलेले पैसे दुसरीकडच्या कामाला लागतात. ग्रामीण आणि निमशहरी शाखांमध्ये हे कर्ज-ठेव प्रमाण ६० टक्के असावं अशी रिझर्व्ह बँकेची अपेक्षा आहे. जिल्हा ४० टक्क्यांखाली गेला तर जिल्हास्तरीय सल्लागार समितीनं विशेष उपसमिती नेमून ते वाढवण्याचा आराखडा करायचा असतो. जिल्हावार आकडे राज्यस्तरीय बँकर्स समितीकडे असतात. आपल्या भागाचे आकडे अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या बँकांचा मेळ घालणाऱ्या बँकेच्या) जिल्हा व्यवस्थापकाकडे लेखी मागावेत. नुसत्या टक्क्यावर समाधान मानू नये. त्यात सोनेतारण किती, शेतीसाठी मुदत कर्ज किती, गटांना किती, ही फोड मागावी. सोनेतारणानं प्रमाण फुगतं, पण त्यातून विहिरीला कडं पडत नाही की धुऱ्यावर झाड लागत नाही.

ठेवीची सुरक्षितता वेगळी पाहावी. बँकेत, सहकारी बँकेतही, प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे. पतसंस्थेला, मल्टिस्टेट सोसायटीला तो नाही. दारावर ‘बँक’सारखी पाटी असली तरी नाही.

आता माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: कर्जाचा साचा वावराचा साचा ठरवतो. पीककर्जाचा हेक्टरी दर, म्हणजे हेक्टरमागे किती कर्ज मिळेल ते, जिल्हा तांत्रिक समिती पीकवार ठरवते. कपाशीचा दर ज्वारीपेक्षा जास्त असतो. म्हणून हंगामाच्या तोंडी पैशाची निकड असलेला माणूस अर्जात कपाशी लिहितो आणि पेरतोही तीच. ज्वारी गेली की कडबा जातो. कडबा गेला की बैलजोडी पोसणं जड जातं, जोडी विकली की शेणखत संपतं, आणि मग पोत्यातलं खत घ्यायला आणखी कर्ज लागतं. जमीन खालावण्याची ही साखळी बँकेच्या तक्त्यातूनही चालते. उपायही तिथंच आहे. खरिपाचे दर ठरण्याआधी शेतकरी उत्पादक कंपनीनं किंवा ग्रामसभेनं समितीकडे कपाशी-तूर-ज्वारी अशा मिश्र पिकाचा खर्च हेक्टरी मांडून द्यावा: बियाणं, शेणखत, डवरणी, निंदण, वेचणीची मजुरी. शेणखत घरचं असलं तरी त्याची किंमत धरावी, नाहीतर मिश्र पीक ‘कमी खर्चाचं’ दिसतं आणि त्याला दरही कमीच मिळतो.

दुसरी गळती विक्रीच्या वेळी होते. कृषी केंद्राची उधारी फेडायला दिवाळीच्या आधीच सोयाबीन पडत्या भावात निघतं. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत सोयाबीन, तूर बाजार समितीच्या गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम वार्षिक ६ टक्के व्याजानं १८० दिवसांसाठी मिळते. बिघडतं ते ओलाव्यावर. माल नीट वाळवलेला नसेल तर गोदाम घेत नाही, किंवा घेतला तर बुरशी येते. शिवाय प्रत्येक बाजार समिती योजना राबवतेच असं नाही. सप्टेंबरातच चौकशी करून ठेवावी.

आणि आता बचत गट, जिथं नियम आपल्या हातात आहेत. १२ बाया, महिन्याला १०० रुपये, म्हणजे वर्षाला १४,४०० रुपये. नाबार्ड या शेती व ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेनं १९९२ मध्ये गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, आणि आज नियमित गटाला १० लाखांपर्यंतचं कर्ज तारणाविना मिळू शकतं. बँक पाहते ती पंचसूत्री: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशेब.

व्याज कसं मोजता हे दरापेक्षा महत्त्वाचं. १०,००० रुपये, महिना २ टक्के, दहा हप्ते. उरलेल्या मुद्दलावर मोजलं तर एकूण व्याज १,१०० रुपये होतं. मूळ रकमेवर सरसकट मोजलं तर २,०००. दर तोच सांगितला जातो आणि ९०० रुपये जास्त जातात. ठरावात ‘शिल्लक मुद्दलावर’ हे शब्द हवेतच. परतफेडीचा काळही पिकाशी जुळवावा: जून ते सप्टेंबर फक्त व्याज, मुद्दल सोयाबीन निघाल्यावर किंवा कापसाच्या वेचणीपासून उलंगवाडीपर्यंत (वेचणी संपेपर्यंत). जुलैत मुद्दलाचा हप्ता मागितला तर बाई तो सूक्ष्म कर्ज (तारणाविना लहान कर्ज) देणाऱ्या कंपनीकडून कर्ज काढून भरते. सूक्ष्म कर्ज घेणाऱ्या कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासून नियम आहे. गटानंही कर्ज देण्याआधी घरातले सगळे हप्ते वहीत लिहून घ्यावेत.

व्याजातून जमणाऱ्या निधीचं काय करायचं, तिथं गटाची नीती दिसते. दिवाळीला सगळं वाटून टाकणाऱ्या गटाचं भांडवल वाढत नाही. निम्मा निधी राखून विहिरीतला गाळ काढणं, शेणखत, देशी ज्वारीचं बियाणं, सौर पंपाचा लाभार्थी हिस्सा (सर्वसाधारण प्रवर्गाला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के) यासाठी महिना १ टक्क्यानं द्यावा. सौर पंपाला मात्र एक अट घालावी: विहीर उन्हाळ्यात किती तास चालते ते पाहूनच. दिवसभर फुकट चालणारा पंप शेजाऱ्याची विहीरही आटवतो.

गट मोडतात ते बहुधा दोन कारणांनी. अध्यक्ष आणि सचिवच पुन्हा पुन्हा मोठं कर्ज घेतात, आणि वही एकाच घरी राहते. एक कर्ज फिटल्याशिवाय दुसरं नाही, पदाधिकारी दर दोन वर्षांनी बदलायचे, आणि शिल्लक दर बैठकीत मोठ्यानं वाचायची. लिहिता न येणारीलाही आपला आकडा पाठ हवा.

गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे बांबूचा पैसा ग्रामसभेकडे येऊ लागला. आता अनेक ग्रामसभांकडे बांबू-तेंदूचा पैसा येतो. अशा ग्रामसभेनं खातं ग्रामसभेच्याच नावानं उघडावं, सह्या किमान दोन आणि त्यात एक बाईची, आणि पॅन लिलावाआधी काढावं. येणाऱ्या रकमेतला जंगलाचा वाटा, म्हणजे वणवा-रेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेला पट्टा), रोपण आणि राखणदारांची मजुरी, मजुरी वाटपाच्या आधी ठरावानं बाजूला काढावा.