तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं इलेक्ट्रिक झालं की सुपरकारचं काय?

हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदा नीट बसून उत्तर देतो. माझं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, इंजिनाचे बारीक पार्ट टर्निंग-ग्राइंडिंग करून देतो, आणि गाड्यांचं वेड शाळेपासूनचं, त्यामुळे भाचा असो, शेजारचे काका असोत नाहीतर माल न्यायला आलेला टेम्पोवाला, सगळे हेच विचारतात, "दादा, सगळं बॅटरीवर जाणार म्हणतात, मग त्या लॅम्बोर्गिनी-फेरारी बंद पडणार का?"

बंद पडणार नाहीत असं मला वाटतं, पण "सगळ्यात जोरात पळते म्हणून सुपरकार" हा हिशोब मात्र संपला.

बघा ना, 1992 ला मॅक्लारेन एफ1 आली तेव्हा तिच्या 627 हॉर्सपॉवरचं जगाला अप्रूप होतं. आणि 2025 ला शाओमीनं, म्हणजे आपल्या खिशातला मोबाईल बनवणाऱ्या कंपनीनं, एसयू7 अल्ट्रा नावाची चार दारांची इलेक्ट्रिक फॅमिली गाडी काढली, तिची ताकद 1,500 च्या वर आणि चीनमधली किंमत 5,29,900 युआन, म्हणजे आपले साधारण साठ-पासष्ट लाख. त्याच वर्षी सप्टेंबरात चीनच्याच बीवायडी कंपनीच्या यांगवांग यू9 एक्स्ट्रीम या इलेक्ट्रिक गाडीनं जर्मनीत ताशी 496 किलोमीटर गाठले, पेट्रोलवरच्या बुगाटीचा 2019 चा आकडा 490 होता. मोटरला पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, मिळतो, गिअर पडायची वाट नाही, टर्बो भरायची वाट नाही, चार चाकांना चार मोटर दिल्या की प्रत्येक चाकाला किती जोर द्यायचा ते कॉम्प्युटर डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवतो. इंजिनानं याच्याशी रेस लावूच नये.

मग इलेक्ट्रिक सुपरकारला गिऱ्हाईक रांगेत उभं असायला हवं होतं, पण तसं झालं नाही. नाशिककरांनी खास लक्षात ठेवावं असं एक उदाहरण सांगतो, बतिस्ता. 1,900 हॉर्सपॉवरची इटालियन इलेक्ट्रिक हायपरकार, शंभरचा स्पीड दोन सेकंदांच्या आत, आणि ती बनवणारी ऑटोमोबिली पिनिनफारिना ही कंपनी महिंद्राची, ज्या महिंद्राची थार आपल्या नाशकात बनते. मला त्या गाडीचा मनापासून अभिमान आहे. फक्त 150 करायचं ठरलं होतं, तरी त्यांच्यावर उड्या पडल्या नाहीत. बॅटरी आणि मोटरचं तंत्र त्यात क्रोएशियाच्या रिमाकचं, आणि त्या रिमाक कंपनीच्या संस्थापकानं, माटे रिमाकनं, ज्यानं स्वतःची जवळपास दोन हजार हॉर्सपॉवरची नेव्हेरा बनवली, त्यानंच 2024 ला उघड सांगितलं की इतक्या महागड्या इलेक्ट्रिक गाड्यांना मागणी फार कमी आहे. बुगाटी आता त्याच्याच हाताखाली, आणि तिथं त्यानं नव्या टूरबियाँ गाडीमध्ये काय घातलं तर 8.3 लिटरचं, विनाटर्बोचं व्ही16, म्हणजे सोळा सिलिंडरचं इंजिन! सोबत तीन मोटर आहेत, 1,800 पैकी 800 हॉर्सपॉवर त्यांची, पण मधोमध इंजिनच. फेरारीनंही 2025 च्या ऑक्टोबरात पहिल्या इलेक्ट्रिक गाडीचं तंत्र दाखवलं आणि त्याच वेळी 2030 साठीचा इलेक्ट्रिकचा वाटा 40 टक्क्यांवरून 20 वर आणला.

वजन हे एक कारण आहेच. साठ लिटर पेट्रोल पंचेचाळीस किलोच्या आसपास भरतं, तेही पळता पळता कमी होत जातं, आणि 120 किलोवॉट-अवरची बॅटरी काही शे किलो, सुरुवातीला तेवढीच आणि शेवटीही तेवढीच. मॅक्लारेन एफ1 साडेअकराशे किलोच्या आत होती, नेव्हेरा दोन टनांच्या वर. सरळ रस्त्यावर ताकद वजनाला खाऊन टाकते पण वळणावर, ब्रेकला, टायरला ते वजन कळतंच.

पण माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. मध्ये एका रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो तर बाहेर मुंबई पासिंगची लॅम्बोर्गिनी हुराकान उभी, पोरांचा घोळका, मोबाईल वर. मालक आला, बसला, स्टार्ट मारला, तो व्ही10 पेटला आणि एक सातआठ वर्षांचं पोरगं दोन्ही कानांवर हात ठेवून हसत होतं. टेबलावरची सगळी माणसं खायची थांबली. त्या गाडीचा झिरो टू हंड्रेड किती ते तिथं कुणालाच माहीत नव्हतं, कुणी विचारलंही नाही.

मला हे येवल्यासारखं वाटतं. पॉवरलूमची सेमी पैठणी आली, स्वस्त झाली, घरोघरी गेली, चांगलंच झालं, पण हातमागावरची पैठणी गेली नाही, लोक महिनोन् महिने थांबून, लाख-लाख मोजून घेतात. इंजिनाची सुपरकार तशीच राहील. थोड्या होतील, महाग होतील, बहुतेक हायब्रिड असतील.

आता जे मला खरंच टोचतं ते. पैठणी एकट्या विणकरावर उभी नसते, रेशीम बंगळुरूकडून येतं, जरीची तार सुरतेहून, ती दुकानं बंद झाली तर विणकर मागावर बसून करणार काय? व्ही12 चं तेच. त्याला लागणारे पिस्टन रिंग, बेअरिंग, स्पार्क प्लग, इंजेक्टर, हे बनवायचं ज्ञान साध्या गाड्यांच्या लाखो पार्टमधून तयार झालंय. माझे वडील मायकोत होते, हो, आताची बॉश कंपनी, आमच्या तोंडात मायकोच. डिझेल फवारणाऱ्या नोझलची सुई आणि तिची बॉडी यांच्यात दोन-चार मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जागा असते, ते जोडीनं मॅच करतात, आणि वडिलांच्या बोटांना जे कळायचं ते मला गेजवर बघावं लागतं. ते कसब एका दिवसात येत नाही आणि एकदा गेलं की पैसे टाकून परत मिळत नाही. श्रीमंत माणूस शंभर गाड्यांची ऑर्डर देईल हो, पण त्या शंभरांवर कुठला वेंडर, कुठली फाउंड्री जगणार? माझ्याकडेच इंजिनाच्या एका पार्टचं शेड्यूल दोन वर्षांत निम्म्यावर आलंय, दोन मुलं सोडून गेली, त्यातला एक हात खरंच सोन्याचा होता.

सध्या त्याच ग्राइंडरवर मोटरच्या शाफ्टचे सॅम्पल चाललेत. काही मोटर वीस हजार आरपीएमच्या वर फिरतात, तिथं शाफ्ट जरा जरी वाकडा गेला तरी बेअरिंग बोंबलतं, म्हणून ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात चालेल इतका फरक, परत मायक्रॉनमध्येच आलाय. पहिले पाच पीस रिजेक्ट झाले. सहाव्याला मी वडिलांना वर्कशॉपवर बोलावलं, त्यांनी शाफ्टवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "व्हील परत ड्रेस कर," म्हणजे ग्राइंडरचं दगडी चाक पुन्हा घासून एकसारखं कर.