फिजिक्सचे सतरा प्रश्न

४ मे २०२५, लातूर. नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, मी दुसऱ्यांदा बसत होते. गेटवर नाकातली चमकी काढायला लावली, ती बाबांनी रुमालाच्या टोकाला बांधून खिशात ठेवली.

पहिल्या वर्षी फिजिक्समधल्या रोटेशनच्या एका गणितावर मी हट्टाने नऊ मिनिटं घालवली होती. ते सुटलं नाहीच, आणि नंतरच्या घाईत ओएमआरवर, म्हणजे उत्तरांचे गोळे भरायच्या कागदावर, एक ओळ सोडून पुढचे गोळे काळे केले. बॉलपेनचा गोळा पुसता येत नाही. त्यानंतरचा तासभर डोळ्यांसमोर पेपर होता, पण एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं.

म्हणून रिपीटच्या वर्षात अभ्यासासोबत शांत बसण्याचाही सराव केला. दर रविवारी हॉस्टेलच्या खोलीत, वर पत्रा तापलेला, बरोबर दोन ते पाच पेपर. पेन केंद्रावरच देतात, म्हणून सरावाला दर वेळी वेगळं स्वस्त काळं बॉलपेन. अकरा वाजता वरण-भात, तोही दोन घास कमीच. भाकरी खाल्ली की तीनला माझे डोळे मिटतात. आणि पान संपलं की त्या पानाचे गोळे लगेच भरायचे, शेवटासाठी ठेवायचे नाहीत.

त्या वर्षी पर्यायी प्रश्न काढून टाकले होते. १८० मिनिटांत १८० प्रश्न. बायोलॉजीचे ९० आधी, मग केमिस्ट्री. फिजिक्स उघडलं तेव्हा तास-सव्वातास हातात होता. पहिले पाच प्रश्न वाचले, एकही ओळखीचा वाटेना. मागून कुणीतरी मुसमुसत होतं. माझे तळहात ओले झाले, कानात ठोके वाजायला लागले.

पेन खाली ठेवलं. चार मोजत श्वास घेतला, आठ मोजत सोडला. पाच वेळा. उच्छ्वास लांबवला की व्हेगस नर्व्ह, मेंदूकडून हृदयाकडे जाणारी नस, हृदयाचे ठोके कमी करते, हे मी वाचलं होतं. ते मला त्या बाकावर खरोखर जाणवलं. एक मिनिट गेलं असेल. ते मिनिट मी आजही वाया गेलं म्हणणार नाही.

मग ठरवलेलंच केलं: दीड मिनिटात वाट दिसली नाही की प्रश्नाशेजारी टिंब द्यायचं आणि पुढे जायचं. चुकलं तर एक गुण जातो, सोडलं तर काही जात नाही. पाच वाजले तेव्हा सतरा टिंबं होती. पुढे निकालात देशात पहिल्या आलेल्याचे ७२० पैकी ६८६ गुण दिसले, तेव्हा कळलं की तो पेपर सगळ्यांनाच जड गेला होता. हॉलमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं, हेच खरं अवघड.

बाहेर आले. "सतरा सोडले, बाबा."

"मागच्या वर्षी किती सोडले ते तुला सांगताच येत नव्हतं," ते म्हणाले आणि रुमालाची गाठ सोडली.

तिथेच उभ्या उभ्या मी चमकी घातली. आरसा नव्हता. फिरकी पहिल्याच खेपेला बसली.