ज्याला ठाऊक नाही, त्याला सांग

महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लेख पाठवा, असा आमच्या मिरजेच्या शाळेचा निरोप आला तेव्हा कोणावर लिहायचं याचा विचार करावा लागला नाही. मी लिहिणार ते इंग्रजीच्या सरांवर. त्यांचं नाव मुद्दाम घालत नाही. आपलं नाव छापून आलेलं त्यांना कधीच आवडलं नाही. १९८५च्या आसपास जे आठवी-नववीत होते, त्यांना नाव सांगायची गरजही नाही.

तेव्हा आपल्याकडे इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून ते सुरू झालं २००० साली. म्हणजे आठवीत आलो तेव्हा आमची इंग्रजीशी जेमतेम तीन वर्षांची ओळख होती, आणि तीही फळ्यावरची प्रश्नोत्तरं वहीत उतरवून पाठ करण्यापुरती. निबंधसुद्धा पाठच करायचे. स्वतःचं एक वाक्य इंग्रजीत बोलायची वेळ आमच्यावर आलेलीच नव्हती. वर्गात उभं केलं की तोंडातून शब्द फुटायचा नाही, कारण चुकलं तर पोरं हसतील ही धास्ती.

सर मूळचे कोकणातले. मिरजेत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी कानडी बोलतात. त्यांना कानडीचं अक्षर येत नव्हतं. मग त्यांनी एक रिवाजच सुरू केला. तासाच्या सुरुवातीला कानडी बोलणाऱ्या एका मुलाने किंवा मुलीने त्यांना एक वाक्य शिकवायचं. सर ते सगळ्यांसमोर म्हणून दाखवायचे आणि हमखास चुकायचे. 'मी जातो' म्हणायला जावं आणि 'तू जातोस' होऊन बसावं. वर्ग खो खो हसायचा. सरही हसायचे, पुन्हा म्हणायचे, पुन्हा चुकायचे. शिकवणारी मुलगी गंभीरपणे मान हलवून सांगायची, "नाही सर, परत म्हणा." मग ते वही काढून वाक्य लिहून घ्यायचे आणि म्हणायचे, "उद्या विचार हं मला." दुसऱ्या दिवशी ती खरंच विचारायची.

यात किती मोठं काम होत होतं, हे मला आत्ता कळतं. चुकत चुकत बोलणं कसं असतं, हे एक मोठा, शिकलेला, सगळे मान देतात असा माणूस आम्हाला रोज दाखवत होता. 'घाबरू नका, बोला' असं त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. सांगून भीती जात नसते. महिन्या-दोन महिन्यांत वर्गातलं एकमेकांना हसणं आपोआप थांबलं. कोणी अडखळलं की सर खिडकीकडे बघत शांत उभे राहायचे. उत्तर पुरवायचे नाहीत, घाई करायचे नाहीत. त्या शांततेत बोलायला धीर यायचा.

पण नुसता धीर येऊन भागत नाही. बोलायला काहीतरी असावंही लागतं. माझ्या मते सरांचं खरं मोठेपण तिथे होतं. त्यांचं एक वाक्य आमच्या बॅचच्या सगळ्यांना आजही पाठ आहे: "मला ठाऊक असलेलं मला सांगू नकोस. ज्याला ठाऊक नाही, त्याला सांग." पुस्तकातल्या धड्याचं उत्तर सरांना ठाऊकच असतं. मग ते त्यांना कशाला सांगायचं? म्हणून ते सतत असा कोणीतरी शोधायचे, ज्याला आमच्याकडची माहिती हवी आहे.

आमच्या मिरजेत असा माणूस शोधायला लांब जावं लागत नव्हतं. त्या काळात आपल्या जंक्शनवर तीन प्रकारचे रूळ होते. पुण्याची आणि कोल्हापूरची ब्रॉडगेज, बेळगाव-लोंढ्याकडे जाणारी मीटरगेज आणि पंढरपूरवरून कुर्डुवाडी-लातूरला जाणारी छोटी नॅरोगेज. गोव्याहून आलेल्या प्रवाशाला इथे उतरून पुण्या-मुंबईची गाडी पकडावी लागायची. मिशन हॉस्पिटलला, म्हणजे डॉ. वॉनलेस यांनी १८९४मध्ये सुरू केलेल्या दवाखान्याला, लांबलांबून रुग्ण यायचे. तंबोरे-सतारी घ्यायला तर कुठकुठले लोक यायचे. सर म्हणाले, "एक माणूस स्टेशनात उतरलाय. त्याला मराठी येत नाही, कानडी येत नाही. त्याला मिशन हॉस्पिटलला जायचंय. लिहा." आम्ही लिहिलं. दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी कागद हातात घेऊन सर वर्गासमोर त्या माणसासारखे चालायला लागले. लिहिलंय तेवढंच करायचे. 'डावीकडे वळा' लिहिलं आणि कुठे ते लिहिलं नाही, तर थेट भिंतीवर जाऊन उभे राहायचे. मग सगळा वर्ग ओरडून दुरुस्त्या सुचवायचा, इंग्रजीतच. दिशा, अंतर, आधी-नंतर, समोर-मागे यांचे शब्द आम्ही त्या आठवड्यात जे शिकलो, ते व्याकरणाच्या कुठल्याच तक्त्यातून शिकलो नसतो.

शेवटच्या बाकावर बसणारा एक मुलगा वर्षभर तोंड उघडायचा नाही. त्याचे वडील सतारमेकर गल्लीत कारागीर होते. सरांनी त्याला तंबोरा कसा करतात ते विचारलं. तो उभा राहिला, पण बोलेना. सर म्हणाले, "मला खरंच ठाऊक नाही रे. भोपळा कुठून आणता?" तो म्हणाला, "पंढरपूर साइड." एवढंच. मग एकेक प्रश्न पुढे सरकत गेला. भोपळा वाळला हे कसं ओळखतात, असं सरांनी इंग्रजीत विचारलं, तेव्हा त्या मुलाने बाकावर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान खाली नेला आणि म्हणाला, "नो वॉटर साऊंड." सरांनी ते तीन शब्द जसेच्या तसे फळ्यावर लिहिले आणि सगळ्यांना म्हणाले, "हे आपण सगळे मिळून मोठं करू या." तास संपला तेव्हा फळ्यावर अर्धं पान इंग्रजी होतं. तून नावाच्या लाकडाची दांडी, तारा टेकतात ती घोडी, तारेखाली सरकवायचा सुताचा दोरा, जवारी लावताना, म्हणजे तारेचा झणकार जुळवताना, वडील खोलीतल्या सगळ्यांना गप्प बसवतात ते, असं सगळं. माहिती त्या मुलाची आणि वाक्यं वर्गाची. त्या दिवसापासून तो बोलायला लागला. आज त्याचं स्वतःचं दुकान आहे आणि परदेशी गिऱ्हाइकांशी तो स्वतः बोलतो. २०२४मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या दिवशी मला पहिला फोन त्याचाच आला.

नववीतली एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायलाच हवी. २८ जानेवारी १९८६ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं आणि आतले सातही जण गेले. त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ नावाच्या एक शिक्षिका होत्या. न्यू हॅम्पशायरमधल्या काँकर्ड हायस्कूलमध्ये शिकवायच्या. अकरा हजारांहून अधिक शिक्षकांच्या अर्जांतून त्यांची निवड झाली होती आणि अवकाशातून त्या मुलांना धडे देणार होत्या. सर इंग्रजी पेपर घेऊन वर्गात आले आणि त्यांनी ती बातमी सावकाश वाचून दाखवली. अवघड शब्दापाशी थांबत, पण भाषांतर न करता. आम्हाला सगळं कळलं. एक बाई शिकवायला निघाल्या होत्या आणि त्यांच्या शाळेतली मुलं टीव्हीवर ते बघत होती, हे कळायला कुठला शब्द अडणार?

कोणीतरी विचारलं, "सर, त्या मुलांना पत्र लिहिता येईल का?" सरांनी दुसऱ्या दिवशी पोस्टातून एरोग्राम, म्हणजे परदेशी पाठवायचं घडीचं पत्र, आणलं. एकच. त्यावर जागा किती असते ते ज्यांनी वापरलंय त्यांना माहीत आहे. वर्गातल्या प्रत्येकाने एक वाक्य आणायचं आणि त्यांतली कुठली ठेवायची ते वर्गाने ठरवायचं. पुढचे काही तास आम्ही भांडलो, अगदी मनापासून. हे वाक्य त्यांना दुखावेल का, हे आपलं मोठेपण सांगितल्यासारखं वाटतं का, 'सॉरी' एकदाच लिहावं की दोनदा. मराठीतही आम्ही शब्दांचा इतका विचार कधी केला नव्हता. माझं वाक्य होतं, "हू टीचेस यू नाऊ?" आता तुम्हाला कोण शिकवतं? सरांनी ते वाचलं, थोडा वेळ कागदाकडे बघितलं आणि पत्राच्या शेवटी घातलं. पत्र गेलं. त्याचं उत्तर आलं नाही आणि त्याचं आम्हाला वाईटही वाटलं नाही. त्या मुलांना तेव्हा जगभरातून पत्रं येत असणार.

मी पुढे मिरजेतच नर्सिंग केलं आणि बरीच वर्षं मस्कतच्या हॉस्पिटलात काढली. पाळी संपताना रुग्णाची नोंद इंग्रजीत लिहायची असते. पुढच्या पाळीची सिस्टर केरळची, डॉक्टर इजिप्तचे. रात्री तीन वाजता रुग्णाला काय झालं हे त्यांना ठाऊक नसतं, मला असतं. माझ्या नोंदी स्पष्ट असतात, असं तिथल्या मेट्रन म्हणायच्या, तेव्हा मला भिंतीवर जाऊन उभे राहिलेले सर दिसायचे.

सरांच्या वह्या तपासण्याविषयी लिहून थांबते. ते लाल शाईने पान रंगवत नसत. एखादी मोठी चूक दुरुस्त करायचे आणि खाली इंग्रजीत एक प्रश्न लिहायचे, आम्ही जे लिहिलं त्याच्याविषयी. आजी आजारी आहे असं लिहिलं, तर 'ती आता जेवते का?' पुढच्या वेळी त्याचं उत्तर लिहायचं, की त्याखाली नवा प्रश्न. घरी कोणी विचारत नव्हतं ते सर विचारायचे, आणि त्यांना सांगावंसं वाटायचं म्हणून आम्ही लिहीत गेलो. माझ्या त्या वहीची पानं संपली तेव्हा दुसरी वही मी स्वतःहून शिवून घेतली होती.

यासाठी सर रोज संध्याकाळी उशिरापर्यंत स्टाफरूममध्ये बसायचे. घरी त्यांना लहान मुलं होती. आज ते आठवलं की कृतज्ञतेबरोबर वाईटही वाटतं, कारण हे काम शाळेच्या वेळापत्रकात बसायला हवं होतं. सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक, असं २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. आमच्या वर्गात त्याहून कितीतरी जास्त मुलं होती, आणि नववी-दहावीचे वर्ग आजही भरलेलेच असतात. चांगलं शिकवणं एकाच्या घरच्या वेळेवर उभं राहू नये.

महोत्सव समितीने देणगीचं आवाहन केलं आहे. माझी रक्कम मी पाठवते आहे आणि सोबत एक विनंती. ती कमानीसाठी किंवा नामफलकासाठी वापरू नका. तासिका तत्त्वावर एक जादा शिक्षक नेमा आणि इंग्रजीच्या शिक्षकांना आठवड्यातले काही तास फक्त वह्या वाचायला मोकळे द्या. आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी हे टाकलं, तेव्हा सतारमेकर गल्लीतून लगेच उत्तर आलं, की पहिल्या वर्षाचा निम्मा खर्च त्याचा. उरलेल्यासाठी बाकीच्या बॅचनी पुढे यावं.