म्युऑन डिटेक्टर: सेन्सर तपासणीचा आराखडा ठरला

सोळा चॅनलच्या म्युऑन डिटेक्टरसाठी (म्युऑन म्हणजे कॉस्मिक किरणांमुळे वातावरणात तयार होऊन जमिनीपर्यंत येणारे कण) मागवलेले सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, म्हणजे अगदी क्षीण उजेड टिपणारे सेन्सर (एसआयपीएम), अखेर हातात आले. एकूण २० नग. १६ पट्ट्यांना १६ लागतील, तीन राखीव, आणि एक संदर्भ म्हणून कायमचा बाजूला. या एकाबद्दल पुढे बरंच येईल, कारण सगळा आराखडा त्याच्याच भरवशावर आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी रचना थोडक्यात: प्लास्टिक सिंटिलेटरच्या (कण आरपार गेला की चमकणारं प्लास्टिक) ५ × २० सेंमी आणि १ सेंमी जाड पट्ट्या, चार थर, दर थरात चार पट्ट्या, एकाआड एक थर काटकोनात. सेन्सर ऑनसेमी कंपनीच्या सी-सिरीजमधले, ६ मिमी × ६ मिमी. एमआयटीतून सुरू झालेल्या कॉस्मिकवॉच प्रकल्पात वापरतात तेच. एका नगात ३५ मायक्रॉनच्या १८,९८० मायक्रोसेल, म्हणजे एकेक फोटॉन टिपणारे बारीक कप्पे. ब्रेकडाउन व्होल्टेज, म्हणजे ज्याच्या वर सेन्सर असा एकेक फोटॉन टिपू लागतो ते, २४.२ ते २४.७ व्होल्टच्या दरम्यान. त्याच्या वर जितके व्होल्ट द्याल ते ओव्हरव्होल्टेज, आणि गेन (एका टिपलेल्या फोटॉनमागे सुटणारे इलेक्ट्रॉन) त्याच्याच प्रमाणात वाढतो. मी २.५ व्होल्ट ओव्हरव्होल्टेजवर चालवणार आहे.

आता सोलापूरचा मुद्दा. ब्रेकडाउन व्होल्टेज दर अंश सेल्सिअसला २१.५ मिलिव्होल्टने वर सरकतं. आमच्या वरच्या खोलीत एप्रिलमध्ये पहाटे २६ अंश असतात आणि दुपारी स्लॅब तापला की ४०. चौदा अंशांचा फरक म्हणजे ३०० मिलिव्होल्ट. २.५ व्होल्टमधले ०.३ व्होल्ट गेले की गेन १२ टक्क्यांनी उतरला. आणि नगानगांतला मूळचा फरक किती, तर जास्तीत जास्त अर्धा व्होल्ट. म्हणजे सकाळी तपासलेला सेन्सर तेज आणि दुपारी तपासलेला मंद, असा निकाल अगदी सहज निघेल, आणि त्यात सेन्सरचा काहीही हात नसेल. नुसते २० नग एकामागून एक मोजून तक्ता भरला, तर तो सेन्सरांचा तक्ता न होता खोलीच्या तापमानाचा तक्ता होईल.

म्हणून पहिला नियम: कोणताही नग एकटा मोजायचा नाही. संदर्भ सेन्सर त्याच डब्यात, त्याच क्षणी, त्याच उजेडात शेजारी बसलेला हवा, आणि नोंद दोघांच्या गुणोत्तराची करायची. तापमान सरकलं तर दोघंही बरोबर सरकतात. माझ्या मते घरगुती तपासणीत सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, महागडा पॉवर सप्लाय त्यानंतर.

दुसरा नियम: नवे नग मोजायच्या आधी मोजणीच मोजायची. एकच सेन्सर जिगमधून (सेन्सर ठरल्या जागी धरून ठेवणारा साचा) काढायचा, परत बसवायचा, वाचन घ्यायचं. असं पुन्हा पुन्हा. त्या वाचनांत जितका विस्कळीतपणा दिसेल, त्याहून लहान फरक पुढे कोणत्याही दोन नगांत दिसला तरी तो फरक म्हणून धरायचा नाही. हा आकडा हातात नसताना ‘हा सेन्सर चार टक्के चांगला’ म्हणण्याला काही अर्थ राहत नाही.

यासाठी जिग पक्की हवी. अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ ज्यांच्याकडे मी लेथची कामं नेतो, त्या अण्णांशी बोललो. मी म्हणालो, “अण्णा, माप पॉइंट एक एमएम इकडेतिकडे झालं तरी चालेल, पण प्रत्येक वेळी सेन्सर त्याच जागी बसला पाहिजे.” ते म्हणाले, “मग दोन पिना देतो. एका पिनेवर फिरतंय, दोन पिनांवर हलत नाही.” काळ्या डेलरिन प्लास्टिकमध्ये ते ही जिग करून देताहेत: दोन खाचा, एक संदर्भ नगासाठी, एक तपासायच्या नगासाठी, आणि समोर प्लास्टिक फायबरची दोन टोकं.

उजेड निळ्या एलईडीचा, काही नॅनोसेकंदांचे ठोके. पण एलईडीसुद्धा तापली की तिचा उजेड बदलतो, म्हणून ती डब्याबाहेर ठेवून उजेड फायबरने आत न्यायचा. एकाच एलईडीसमोर दोन्ही फायबर घट्ट बांधून, गोंदाने पक्के करून टाकायचे. त्यांच्यातली वाटणी समसमान नसली तरी बिघडत नाही. तपासणी संपेपर्यंत ती बदलली नाही म्हणजे झालं.

डबा म्हणजे १५ किलो तेलाचा पत्र्याचा डबा, आतून मॅट काळा. पत्रा निवडला तो उजेड अडवण्यासाठी आणि विजेचा गोंगाट (नॉइज) अडवण्यासाठीही. मागच्या गल्लीत लूम चालतात. मोटारी चालू-बंद होताना जे झटके येतात ते ऑसिलोस्कोपवर स्वच्छ दिसतात, आणि एका फोटोइलेक्ट्रॉनचा, म्हणजे एका टिपलेल्या फोटॉनचा, सिग्नल त्यांच्यापुढे अगदीच इवलासा. डबा अर्थ केला की ते बरेच दबतात. झाकणाच्या फटीवर बाहेरून काळ्या टेरी टॉवेलच्या पट्ट्या दुमडून आवळणार आहे. टेरीचे फासे उजेड छान गिळतात, आणि काळा टॉवेल या गावात कोणत्याही पेठेत मिळतो. आतमध्ये मात्र टेरी नको. त्याचे तंतू सेन्सरच्या काचेवर बसतात.

तापमान धरून ठेवायला तो डबा थर्माकोलच्या मोठ्या खोक्यात, आणि मधल्या जागेत माठातल्या पाण्याच्या बाटल्या. फ्रीजमधल्या बाटल्या ठेवल्या तर पत्र्यावर आणि सेन्सरवर दव धरण्याची भीती असते. माठाचं पाणी बाष्पीभवनाने थंड होतं, त्यामुळे ते हवेच्या दवबिंदूच्या खाली जाऊच शकत नाही. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ते खोलीपेक्षा चांगलंच गार राहतं. जिगला डीएस१८बी२० हा तापमान मोजणारा सेन्सर चिकटवून दर मिनिटाला तापमानाची नोंद होईल. त्याची अचूकता अर्ध्या अंशाची, म्हणजे ११ मिलिव्होल्टच्या बरोबरीची. आपल्याला पुरेशी आहे.

मोजण्यांपैकी करंट-व्होल्टेजची मोजणी सर्वांत जास्त माहिती देते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर. पुरवठा ९ व्होल्टच्या चार बॅटऱ्या ओळीने आणि दहा फेऱ्यांचा पोटेन्शिओमीटर. व्होल्टेज वाढवणारं बूस्ट मॉड्यूल नको, त्याचा रिपल (व्होल्टेजमधली थरथर) थेट सेन्सरमध्ये उतरतो. अंधारात २१ अंशांना, २.५ व्होल्ट ओव्हरव्होल्टेजवर असा नग सेकंदाला सुमारे १२ लाख वेळा आपोआप पेटतो. दर वेळी साधारण ३० लाख इलेक्ट्रॉन सुटतात. गुणाकार केला तर करंट ०.६ मायक्रोअँपिअरच्या आसपास येतो. १० किलोओहमचा रेझिस्टर ओळीत टाकला की त्यावर ६ मिलिव्होल्ट पडतात, म्हणजे साधा मल्टिमीटर पुरतो. ब्रेकडाउनच्या खाली करंट फार कमी, तिथे १०० किलोओहम.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. व्होल्टेज मोजणारा मीटर थेट सेन्सरच्या टोकांवर लावायचा नाही. मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम. २५ व्होल्टला तो २.५ मायक्रोअँपिअर ओढतो, म्हणजे सेन्सरच्या चौपट. तो रेझिस्टरच्या आधी, बॅटरीच्या बाजूला लावायचा आणि रेझिस्टरवर पडलेले मिलिव्होल्ट वजा करायचे.

मग करंटचं वर्गमूळ व्होल्टेजसमोर मांडलं की ब्रेकडाउनच्या वर सरळ रेषा मिळते. ती शून्याला जिथे छेदेल ते ब्रेकडाउन व्होल्टेज. डेटाशीटमधली व्याख्याही हीच आहे, त्यामुळे थेट तुलना करता येते.

वरची मोजणी उलट दिशेच्या व्होल्टेजची. सुलट दिशेची (फॉरवर्ड) मोजणी झटपट: काही मिलिअँपिअरपर्यंत जायचं, उतारावरून सगळ्या क्वेंचिंग रेझिस्टरांचा (पेटलेला मायक्रोसेल विझवणारे) समांतर रोध काढायचा, आणि सगळे नग सारखे आहेत ना ते बघायचं. त्याआधी भिंगाखाली काचेवरचे ओरखडे आणि कडा पाहून घेणार.

एक-दोन-तीन फोटोइलेक्ट्रॉनच्या वेगवेगळ्या पायऱ्या पाहण्याची हौस सर्वांनाच असते, मलाही आहे. पण डार्क काउंट (अंधारात आपोआप पेटण्याचा वेग) दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो. ४० अंशांत ते ठोके एकमेकांवर चढतात आणि पायऱ्या पुसट होतात. हे काम पहाटे, माठाच्या बाटल्या नुकत्याच भरलेल्या असताना. सॅच्युरेशनची चाचणी मी गाळली आहे. म्युऑन १ सेंमी सिंटिलेटरमध्ये साधारण २ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जा सोडतो, त्यातून वीसेक हजार फोटॉन, आणि सेन्सरपर्यंत त्यातले मोजकेच पोचतात. १८,९८० मायक्रोसेल भरून जायचा प्रश्नच नाही.

हेच काम मोठ्या प्रमाणावर कसं चालतं ते पाहिलं की हुरूप येतो. सर्नमधल्या सीएमएस डिटेक्टरच्या बाहेरच्या हॅड्रॉन कॅलोरिमीटरच्या (कणांची ऊर्जा मोजणारा भाग) उभारणीत टीआयएफआरचा, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, मोठा वाटा आहे, आणि २०१३-१४ च्या थांब्यात त्याचे जुने हायब्रिड फोटोडायोड काढून तिथे एसआयपीएमच बसवले. मदुराईच्या मिनी-आयकॅल या न्यूट्रिनो डिटेक्टरच्या छोट्या नमुन्याभोवतीच्या म्युऑन व्हेटोसाठीही (आत येणारे म्युऑन ओळखून वगळणारी यंत्रणा) सिंटिलेटर पट्ट्या आणि हजारो एसआयपीएम आहेत. तिथलं उद्दिष्ट ९९.९९ टक्के म्युऑन पकडण्याचं, म्हणजे एकही मंद नग नजरेआड करून भागत नाही.

माझी प्रतवारी ब्रेकडाउन व्होल्टेजवर होणार. नग चढत्या क्रमाने लावायचे, लागोपाठचे चार एका थराला द्यायचे, आणि प्रत्येक थराला स्वतंत्र बायस (सेन्सरना द्यायचं व्होल्टेज). असं केलं की चारच पुरवठ्यांत सोळा चॅनलचं काम भागतं आणि थरातल्या थरात गेन जुळतो. उजेडाच्या गुणोत्तरात जो नग बाकीच्यांपासून जिगच्या विस्कळीतपणाच्या तिपटीहून लांब पडेल तो राखीवमध्ये. शेवटी प्रत्येक थराची म्युऑनवर परीक्षा: दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक, म्हणजे १०० चौरस सेंमीच्या पट्टीवर मिनिटाला शंभराच्या आसपास. वरच्या-खालच्या थरांची कोइन्सिडन्स (दोन्हीत एकाच क्षणी आलेले ठोकेच मोजणं) लावली की आकडा बराच उतरेल, तो मांडणीप्रमाणे आधी गणित करून ठेवणार आहे.

जिग आली की पहिलं काम संदर्भ नग काढून-बसवून विस्कळीतपणा मोजण्याचं. सेन्सर पट्टीला लावताना ऑप्टिकल ग्रीस की सिलिकॉनचा पॅड, हे अजून ठरलेलं नाही. ४० अंशांच्या खोलीत ग्रीस उन्हाळाभर जागेवर राहतं की ओघळतं, हे कोणी पाहिलं असेल तर जरूर लिहा.